पुनर्वसन शाखांतले शिक्षण-संशोधन : अनुदानाचा प्रस्ताव लिहायला शिकवणारे कुणी आहे का?

म्हादईकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी फिजिओथेरपी शिकवते. राहायला गोव्यात, डिचोलीला आहे. अकरा वर्षांच्या नोकरीत यंदा पहिल्यांदाच बाहेरच्या संस्थेकडे अनुदानासाठी प्रस्ताव पाठवला आणि तो परत आला. परत आल्याचे वाईट वाटलेच. पण परीक्षकांचे दोन शेरे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत आणि त्यांतला कोणता मनावर घ्यावा हे सांगणारे माणूस माझ्या आसपास नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

विषय असा. पक्षाघात झालेल्या रुग्णाला घरी पाठवताना काय करावे आणि काय टाळावे हे घरच्यांना समजावणे आमच्या इंटर्नचे काम असते. दीड वर्षापूर्वी आमच्या एका इंटर्नने सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका सुनेला, सासूचा लुळा पडलेला खांदा कसा सांभाळायचा, हे चांगली दहा मिनिटे समजावले. मुद्दे सगळे बरोबर होते, बोलणे स्वच्छ होते, सून मान डोलवत होती. पुढच्या आठवड्यात त्या दोघी तपासणीला आल्या तेव्हा तीच सून सासूला लुळ्या हाताला धरून खुर्चीतून ओढून उठवत होती. नेमके हेच करू नका, असे तिला सांगितलेले होते. आणि त्या इंटर्नला तोंडी परीक्षेत याच प्रश्नाला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. ते मीच दिले होते.

यावरून कल्पना सुचली की गावोगावच्या जत्रा-उत्सवांत नाटके करणारे हौशी कलाकार रुग्णाच्या नातेवाइकांची भूमिका करतील आणि त्यांच्यासमोर विद्यार्थी समजावण्याचा सराव करतील. आपल्याकडे असे कलाकार प्रत्येक वाड्यावर सापडतात. प्रस्ताव लिहिला, पाठवला. पहिल्या परीक्षकाने लिहिले की हा अध्यापनातला उपक्रम आहे, संशोधन नव्हे. दुसऱ्याने लिहिले की रुग्णाच्या प्रकृतीवर होणारा परिणाम मोजलेला नाही. आता मी अधिक शिक्षणाकडे जाऊ की अधिक रुग्णाकडे?

उसंत

मॅडम, मी निवृत्त वैद्यकीय शिक्षक आहे. प्रस्ताव लिहिले आहेत, नाकारून घेतले आहेत आणि काही वर्षे दुसऱ्यांचे तपासलेही आहेत. दोन्ही शेरे मला विरुद्ध वाटत नाहीत. तुमचा प्रश्न काय आहे हे दोघांनाही कळलेले नाही. मग प्रत्येकाने आपल्या सवयीचा प्रश्न तुमच्यावर लादला. तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा इथे टाका. सुधारून टाकू नका.

म्हादईकाठ (धागाकर्ती)

सर, लाज वाटते, पण टाकते :

"भारतात पक्षाघाताचे प्रमाण दिवसेंदिवस वाढत असून रुग्णाच्या पुनर्वसनात कुटुंबाची भूमिका अत्यंत महत्त्वाची आहे. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांमध्ये परिणामकारक संवादकौशल्ये विकसित होणे ही काळाची गरज आहे. प्रस्तुत प्रकल्पात विद्यार्थ्यांसाठी भूमिकाभिनयावर आधारित कार्यशाळांचे आयोजन करण्यात येईल व कार्यशाळेच्या अखेरीस विद्यार्थ्यांचे अभिप्राय प्रश्नावलीद्वारे संकलित करण्यात येतील."

उसंत

आभारी आहे. आता थोडे सविस्तर लिहितो, कारण हा परिच्छेद तुमच्या एकटीचा नाही. आपल्याकडच्या निम्म्या प्रस्तावांची सुरुवात अशीच असते.

पहिले वाक्य पक्षाघातावरच्या कोणत्याही प्रस्तावाला चालेल, अगदी औषधाच्या चाचणीलाही. जे वाक्य उचलून दुसऱ्याच्या प्रस्तावात ठेवता येते, ते तुमच्या प्रस्तावासाठी काही काम करत नाही. दुसऱ्या वाक्यात "काळाची गरज" आहे. पण या परिच्छेदात कुणाचे काही बिघडलेले दिसत नाही. तुम्ही या धाग्यावर लिहिलेली सून, तिचे मान डोलवणे, तिने धरलेला तो लुळा हात आणि तुम्ही दिलेले नऊ गुण हीच तुमची समस्या आहे आणि नेमकी तीच प्रस्तावातून गायब आहे. आपण प्रस्ताव लिहायला बसलो की अंगात कोट चढवतो आणि जे डोळ्यांनी पाहिले ते खुंटीला टांगून ठेवतो.

तिसऱ्या वाक्याने पहिल्या परीक्षकाला शेरा लिहून दिला. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसे वाटले ही पहिली, तो काय शिकला ही दुसरी, कामावर गेल्यावर तो वेगळे वागतो का ही तिसरी, आणि त्यातून अखेर काय साधले ही चौथी. अभिप्रायाची प्रश्नावली म्हणजे पहिली पायरी. तिथेच थांबलेल्या कामाला परीक्षक उपक्रम म्हणतो आणि ते फारसे चुकीचे नाही. दुसरा परीक्षक थेट चौथी पायरी मागतो आहे. खांद्याचे दुखणे किंवा सांधा निसटणे दोन वर्षांत मोजायचे, तर त्याला इतक्या गोष्टी कारणीभूत असतात की तुमच्या कार्यशाळेचा वाटा वेगळा काढता काढता पैसे संपतील. तुमची जागा तिसऱ्या पायरीवर आणि तिच्या किंचित वर आहे. ओपीडीत खऱ्या नातेवाइकासमोर इंटर्न काय करतो आणि त्याचे सांगून झाल्यावर तो नातेवाईक रुग्णाला खुर्चीतून प्रत्यक्ष कसा उठवून दाखवतो, हे बघता येते, मोजता येते आणि फिजिओथेरपिस्टइतके नेमके ते दुसरे कुणी मोजू शकत नाही.

आणखी एक. कलाकारांना रुग्ण म्हणून उभे करण्याची पद्धत नवी नाही. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ती वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी सुरू केली आणि नंतर ती जगभर पसरली. तेव्हा "अभिनव पद्धत" असे कुठे लिहिले असेल तर काढून टाका. तुमच्याकडे नवे आहे ते दुसरेच : भूमिका रुग्णाची नसून नातेवाइकाची आहे आणि परीक्षा शब्दांची नसून हातांची आहे.

आता मूळ प्रश्न, म्हणजे शिकवणारे कोण. अमेरिकेत फिजिकल थेरपीच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्यांसाठी "गेमर" या आद्याक्षरी नावाची कार्यशाळा आहे. नावाचा अर्थच मुळी शिक्षण-संशोधनासाठी अनुदान मिळवण्याचे कौशल्य आणि मार्गदर्शन असा आहे. पुनर्वसन संशोधकांसाठी "टिगर" नावाची तशीच दुसरी कार्यशाळा तिथे चालते. दोन्हीकडे मला मोलाचे वाटते ते हे की माणूस स्वतःचा अर्धाकच्चा प्रस्ताव घेऊन येतो आणि अनुभवी मार्गदर्शक त्याच्याबरोबर त्याच कागदावर बसतो. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अर्जात उद्दिष्टांसाठी एकच पान असते. सगळी मारामारी त्या एका पानावर होते, कारण ते पान उभे राहिले नाही तर पुढची बारा पाने कुणी प्रेमाने वाचत नाही. भारतात याच्या जवळ जाणारी सोय म्हणजे मुंबई, लुधियाना आणि कोइम्बतूर इथल्या, आरोग्यशाखांच्या शिक्षकांसाठीच्या फेमर केंद्रांची दोन वर्षांची फेलोशिप. तिच्यात प्रत्येकाला स्वतःचा शैक्षणिक प्रकल्प मार्गदर्शकाच्या नजरेखाली तडीस न्यावा लागतो. मात्र तो प्रकल्प आपल्याच संस्थेत करायचा असतो. बाहेरून पैसा मागण्याची विद्या त्याच्या पुढची.

मार्गदर्शकाकडे जायचे ते कधी, याबाबत आपल्याकडे मोठीच गफलत आहे. मुदत संपायला चार दिवस असताना चाळीस पाने पाठवून "सर, एकदा नजरेखालून घाला" म्हटले, तर तो बिचारा शुद्धलेखन तपासतो आणि शुभेच्छा देतो. तेव्हा "हा प्रश्नच चुकला आहे" असे सांगण्याची सोय उरलेली नसते. एक पान लिहून झाल्यावर, पद्धतीचा एक शब्दही लिहिण्याआधी, जो नाही म्हणू शकतो तो मार्गदर्शक.

आकडेमोड

मी संख्याशास्त्राच्या बाजूने लिहितो. उसंत सरांच्या प्रतिसादानंतर माझे काम सोपे झाले. पण एक खड्डा आताच दाखवून ठेवतो. म्हादईकाठ मॅडम, तुम्ही चार महाविद्यालयांतले प्रत्येकी तीस, असे एकशे वीस इंटर्न घेणार आणि दोन महाविद्यालयांना सराव देऊन दोघांना देणार नाही, असे समजा. कागदावर नमुना एकशे वीसचा दिसतो. पण एकाच महाविद्यालयातली मुले एकाच शिक्षकाकडून शिकतात, त्यामुळे ती एकमेकांसारखी वागतात. हे साम्य शून्य ते एक या मापावर अगदी थोडे, म्हणजे ०.०५ धरले, तरी दुरुस्तीचा गुणक १ + (३० − १) × ०.०५, म्हणजे २.४५ येतो. एकशे वीसला त्याने भागले की हातात एकोणपन्नास उरतात. दोन्ही बाजूंना दोनदोनच महाविद्यालये असतील तर अडचण याहूनही मोठी आहे, कारण फरक सरावामुळे पडला की महाविद्यालयामुळे, हे सांगताच येणार नाही.

एकाच महाविद्यालयात अर्धी मुले इकडे, अर्धी तिकडे केली, तर ती संध्याकाळी एकाच वसतिगृहात बसून सगळे एकमेकांना सांगतात. त्यापेक्षा सगळ्यांनाच सराव द्यावा, पण तुकड्यातुकड्यांनी आणि सुरुवातीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवून. प्रत्येक तुकडी आधी "बिनसरावाची" आणि नंतर "सरावाची" म्हणून मोजता येते आणि कुणी वंचितही राहत नाही. विश्लेषण किचकट होते, म्हणून संख्याशास्त्रज्ञाचा पगार अर्थसंकल्पात पहिल्या दिवसापासून लिहा. काम झाल्यावर आलेल्या फायलींचे काय करायचे, हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा विचारला जातो आणि दहा वेळा माझे उत्तर तेच असते : आता उशीर झाला.

हातकाम

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मार्गदर्शनाची दुसरी बाजूही इथे लिहिली जावी, म्हणून लिहिते. माझ्या पहिल्या प्रस्तावाला एक मार्गदर्शक लाभले होते. कल्पना माझी, माहिती गोळा करणे माझे, फेऱ्या माझ्या. शोधनिबंध तयार झाला तेव्हा पहिले नाव त्यांचे होते आणि माझे चौथे. विचारल्यावर उत्तर मिळाले की हेच रीतसर आहे. तेव्हा मी नवी होते, गप्प बसले. आज कुणाचेही मार्गदर्शन घेताना मी आधी अर्ध्या पानाचा करार लिहिते. मुख्य संशोधक कोण, निबंधावर नावांचा क्रम काय, विदा (डेटा) कुणाकडे राहील, मसुदा किती दिवसांत वाचून मिळेल आणि पटले नाही तर दोघांनी मनात किंतु न ठेवता वेगळे कसे व्हायचे, एवढेच त्यात असते. यावर रागावणारा माणूस मार्गदर्शक म्हणून नको, हे त्या अर्ध्या पानानेच आधी कळते.

आपली अडचण वैद्यकीय शाखांहून वेगळीही आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांना संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचे छत्र मिळाले ते २०२१ च्या कायद्याने. वाचा-उपचार, श्रवणोपचार किंवा कृत्रिम अवयव या शाखांसाठी पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ पासून आहे. एकाच रुग्णाच्या खाटेभोवती उभ्या राहणाऱ्या आम्हा लोकांचे कागद वेगवेगळ्या कपाटांत आहेत. त्यामुळे वरिष्ठ संशोधक शोधायला गेले की प्रत्येक शाखेत एखाददुसराच सापडतो आणि त्याच्या दाराशी रांग असते. मला वाटते, वरचा माणूस शोधत बसण्यापेक्षा बरोबरीच्यांनी एकमेकांचे कागद वाचावेत. गोव्यात याचा एक धडा आहे. १९९६ मध्ये इथे सुरू झालेल्या "संगथ" या संस्थेने मानसिक आरोग्यासाठी सामान्य शिक्षणाच्या समुपदेशकांना तयार केले. त्यात सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकून समुपदेशकांनी एकमेकांना ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे आणि तज्ज्ञांच्या गुणांशी ते ताडून पाहायचे, अशी रीत होती. सामान्य समुपदेशक जर हे शिकू शकतात, तर आम्ही पदव्युत्तर माणसे एकमेकांचे एक पान का तपासू शकणार नाही?

उसंत

हातकाम ताईंची सूचना मला पटली, एका अटीवर. बरोबरीचे लोक एकमेकांना फार सांभाळून घेतात. निदान दुसऱ्या शाखेतले एक माणूस हवेच. ज्याला खांद्याची शरीररचना माहीत नाही आणि जो निःसंकोचपणे "मला कळले नाही" म्हणेल. परीक्षकही बहुधा असाच असतो.

जमाखर्च

मी एका संस्थेचे लेखा पाहतो. संशोधक प्रस्ताव लिहून आमच्याकडे सहीला आणतात तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून चार ओळी. आवर्ती आणि अनावर्ती खर्च वेगळे दाखवा. कनिष्ठ संशोधन अधिछात्र (जेआरएफ) नेट-पात्र घ्यायचा असेल तर १ जानेवारी २०२३ पासून विद्यावेतन महिना ३७,००० रुपये आहे. जुना आकडा टाकून मागाहून पदरमोड करू नका. केंद्राच्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या १२-अ नमुन्यात द्यावे लागते आणि खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचे व्याज आपले नसते, ते परत जाते. नाट्यकलाकारांना रोख पाकीट देऊन चालणार नाही. मानधन म्हणून दर सत्राचा दर लिहा, बँकेत भरा आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा दाखवा. तालमीचे दिवसही मोजा. ते हमखास विसरले जातात.

उच्चार

वाचा-उपचाराच्या बाजूने दोन गोष्टी. सत्तरीतली सून घरी कोंकणी बोलते, वर्तमानपत्र मराठी वाचते. सासष्टी तालुक्यातली सून कोंकणीच बोलेल, पण वाचेल ती रोमी (रोमन) लिपीत. म्हणजे संमतिपत्र एका भाषेत आणि समजावणे दुसऱ्या भाषेत, असे होणारच आहे. अनुवाद, उलट-अनुवाद आणि दोन्ही लिप्यांची छपाई हे सगळे खर्चात आणि वेळापत्रकात धरा. निरीक्षकाला कोंकणी कळत नसेल तर इंटर्नने "सोप्या भाषेत सांगितले" या रकान्यात तो कशाच्या आधारे खूण करणार? माझ्या मते तो रकाना काढूनच टाकावा. त्याजागी सुनेने स्वतः काय सांगितले आणि करून काय दाखवले, एवढेच नोंदवावे.

दुसरी गोष्ट कलाकारांबद्दल. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळवलेला कलाकार बेताचे रडत नाही. एका विद्यार्थ्यासमोर तो हुंदके देणार, दुसऱ्यासमोर विनोद करणार; मग दोन विद्यार्थ्यांची तुलना कशी करायची? प्रत्येक भूमिकेसाठी एक पानाचे टिपण हवे : कोणता प्रश्न विचारल्याशिवाय कोणती माहिती द्यायची नाही, कोणत्या क्षणी चुकीचा हात धरायचा. आणि महिन्यातून एकदा चित्रफीत पाहून भूमिका घसरली आहे का, ते तपासायचे.

आकडेमोड

नैतिकता समितीचा मुद्दा राहून जातो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, श्रेणीच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्या विद्यार्थ्यांची गणना असुरक्षित गटात आहे. मॅडम, तुम्हीच गुण देणार आणि तुम्हीच संमती घेणार, हे समितीला चालणार नाही. संमती त्रयस्थाने घ्यावी आणि कोण सहभागी झाले हे तुम्हाला अंतर्गत गुण जाहीर होईपर्यंत कळू नये, असे प्रस्तावातच लिहा.

म्हादईकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस घेतले. आधी प्रस्ताव दुरुस्त करायला बसले आणि दोन संध्याकाळी फुकट गेल्या. मग फाइल बंद केली आणि कोऱ्या कागदावर हाताने लिहिले :

"पक्षाघाताच्या रुग्णाला खुर्चीतून उठवताना लुळा हात ओढू नये, हे आमचे इंटर्न नातेवाइकांना सांगतात आणि तोंडी परीक्षेत त्यांना त्याचे भरपूर गुणही मिळतात, तरीही सांगून झाल्यावर नातेवाईक तोच हात ओढताना आम्ही पाहतो. सांगणाऱ्याचे ज्ञान तपासणारी आमची परीक्षा ऐकणाऱ्याच्या कृतीपर्यंत पोहोचत नाही. नातेवाइकाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित कलाकारासमोर, 'करून दाखवा' म्हणण्याचा सराव केलेल्या इंटर्नने समजावलेले खरे नातेवाईक, असा सराव न केलेल्या इंटर्नने समजावलेल्या नातेवाइकांपेक्षा रुग्णाला अधिक वेळा सुरक्षित रीतीने उठवतात का, हे आम्ही तपासणार आहोत. या अभ्यासातून फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात मोलाची भर पडेल."

आणि एक प्रश्न. हे पाठवायचे कुठे? वैद्यकीय संशोधन परिषदेकडे की सामाजिक विज्ञान परिषदेकडे?

उसंत

शेवटचे वाक्य खोडा. मोलाची भर पडली की नाही ते दुसऱ्यांना ठरवू द्या. त्याजागी हातकाम ताईंनी सांगितलेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये फिजिओथेरपीसाठी आणलेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाचा उल्लेख करा. क्षमता शिकवायची म्हटले की ती मोजायची कशी हा प्रश्न महाविद्यालयांपुढे येतोच आणि तुमच्याकडे एका क्षमतेपुरते मोजमाप तयार होणार आहे. हे अधिक ठोस आहे. "सुरक्षित रीतीने" याचे नेमके निकष कोणते, तेही खालच्या ओळीत आले पाहिजेत.

कुठे पाठवायचे, याचे उत्तर तुमच्या पानातच आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या लघु अनुदानाची मर्यादाच दोन कोटींची आहे. तुमचे काम त्याच्या एका कोपऱ्यात मावेल आणि तिथला परीक्षक पुन्हा चौथी पायरी मागेल. सामाजिक विज्ञान परिषदेच्या कक्षेत शिक्षण हा विषय रीतसर येतो. तिथे पाठवताना मात्र खांद्याच्या शरीररचनेचा परिच्छेद दोन ओळींवर आणा आणि शिकणे एका प्रसंगातून दुसऱ्यात कसे उतरते, त्यामागचा विचार वाढवा. एकच प्रस्ताव मथळा बदलून दोन्हीकडे पाठवला, तर दोन्हीकडून परत येईल. आधी पात्रतेच्या अटी मात्र नीट वाचून घ्या.

हातकाम

मग वाचनमंडळाचे ठरवू या का? मॅडम, आकडेमोड, उच्चार आणि मी असे चौघे झालो. माझ्याकडेही एक पान आहे : हाताच्या आधारपट्ट्या (स्प्लिंट) बनवायला शिकवताना विद्यार्थ्याच्या चुका केव्हा दुरुस्त कराव्यात, लगेच की पट्टी पूर्ण झाल्यावर, याबद्दलचे. ते अजून कुणालाही दाखवलेले नाही.

म्हादईकाठ (धागाकर्ती)

चवथीच्या आधी कुणालाच सवड होणार नाही, माझ्या घरी तर माटोळीपासून (गणपतीवरच्या फळाफुलांच्या छतापासून) सगळी तयारी माझ्याकडेच आहे. चवथ आटोपल्यावरचा दुसरा शनिवार धरू या, दुपारी तीन वाजता, म्हापशाला. जागेचे मी पाहते. प्रत्येकाने आपले एकच पान आणि त्याच्या पाच प्रती आणाव्यात. अक्षर बारीक करून दोन पानांचा मजकूर एका पानात बसवलेला चालणार नाही. उसंत सर, पाचवी प्रत तुमच्यासाठी आहे.

उसंत

येतो. लाल पेन आणणार नाही, पेन्सिल आणतो.